सरळ रेषेतलं अंतर

अकराला दहा मिनिटं कमी असताना ताईला स्वतःची चूक सापडली. अकराला समितीपुढे सुनावणी होती, आणि खोलीबाहेरच्या बाकावर बसून ती विधेयकाची शेवटची पानं वाचत होती. खरं तर ती तिनं शुक्रवारीच वाचायला हवी होती. विधेयक शेपटाकडून वाचा, गोम तिथंच असते, असं ती येईल त्याला बजावायची. पण शुक्रवारी एका दिवसात एकेचाळीस विधेयकं येऊन पडली, आणि याचं नाव होतं ‘मोजमाप सुधारणा’. नाव वाचूनच तिनं त्याला हिरवा ठिपका देऊन टाकला होता.

पालकांच्या संघटनेत ताईचं काम तेच. मुलांशी, घरांशी, सरकारी शाळांशी संबंध असलेलं प्रत्येक विधेयक वाचायचं आणि सोमवारी पत्रक काढायचं. लाल ठिपका म्हणजे धावून या, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, हिरवा म्हणजे खुशाल झोपा. सोळा वर्षांत तिचा ठिपका चुकला नव्हता आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

तराजू, वजनं, काटे यांच्या गर्दीत एक ओळ अंग चोरून बसली होती. घरापासून शाळेचं अंतर यापुढे रस्त्यानं नव्हे, नकाशावर सरळ रेषेत मोजायचं. तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांना शाळेची बस मिळत नसे. म्हणजे नदीपलीकडची, डोंगरामागची, रुळांपलीकडची सगळी मुलं या एका ओळीनं बसमधून खाली उतरणार होती.

हातावर हात धरून बसून राहणाऱ्यांतली ताई नव्हती. ती उठून दारावरच्या कारकुनाकडे गेली.

“बोलणाऱ्यांची यादी काल पाचलाच बंद झाली,” कारकून म्हणाला. रोजची ओळख, म्हणून त्यानं आवाज जरा खाली आणला. “विरोधात एकही नाव नाही. मला वाटलं, तुम्हाला मान्य असेल.”

“बोलणार कोण मग?”

“एकच आहेत. समर्थनात.” त्यानं हनुवटीनं बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे दाखवलं.

तिथं शाळेच्या बसचा ड्रायव्हर बसला होता. इस्त्रीचा गणवेश, हातात स्वतः लिहून आणलेला कागद, मांडीवर ताईचंच पत्रक. तो ओठातल्या ओठात भाषण घोकत होता. ताई जवळ येताच उठून उभा राहिला.

“पोरं शाळेत सोडली आणि तसाच आलो, ताई. अंतरावरून आम्हा ड्रायव्हरांत रोज वाद. तुमच्या पत्रकात ‘मोजमाप सुधारणा’ हे नाव आणि पुढे हिरवा ठिपका पाहिला, म्हटलं चला, एकदाचं सगळीकडे सारखं मोजतील. चार चांगले शब्द बोलून यावं.”

कसं सांगू, हा प्रश्न ताईला पडला नाही. पडला असता तर तिथंच अकरा वाजले असते.

“ड्रायव्हरदादा, मी चुकले,” ती म्हणाली. “शेवटची पानं न वाचताच हिरवा ठिपका दिला.” आणि तिनं ती ओळ त्याच्यापुढे धरली.

त्यानं ती दोनदा वाचली.

“माझ्या गाडीत पलीकडच्या काठाची चोवीस पोरं आहेत,” तो म्हणाला. “सगळ्यात धाकटी पाच वर्षांची. काल पहिल्यांदा माझा हात न धरता पायरी चढली.” मग थांबून म्हणाला, “तुमच्या भरवशावर मी आत याचं कौतुक करणार होतो.”

“हो.” ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिनं नजर हलवली नाही. “मला आत बोलता येणार नाही. तुम्हाला बोलायला दोन मिनिटं आहेत. आणि तो रस्ता तुमच्याइतका या इमारतीत कुणालाच ठाऊक नाही.”

त्यानं भाषणाचा कागद चार घड्या घालून खिशात कोंबला.

आत अध्यक्ष घाईत होते. दुपारपर्यंत नऊ विधेयकं उरकायची होती. “समर्थनात एकच नाव आहे,” ते म्हणाले. “थोडक्यात बोला.”

“साहेब, पलीकडची वस्ती नकाशावर शाळेपासून दोन किलोमीटर आहे,” ड्रायव्हर म्हणाला. “पण मधे नदी आहे आणि पूल पार वरच्या अंगाला. माझी गाडी एका खेपेला अकरा किलोमीटर पळते. सरळ रेषेत मला ती नेता येत नाही, आणि पोरांनाही चालत येता येणार नाही.”

विधेयक तयार करणारा अधिकारी मान वर न करताच म्हणाला, “नकाशा सरकारी आहे.”

“नदीही सरकारीच आहे, साहेब.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी विधेयक उलटसुलट चाळलं, मग बोट फिरवत पुन्हा चाळलं. मागे प्रेक्षकांत बसलेल्या ताईला ते बोट बरोबर कळलं. शेवटची पानं त्यांनीही वाचली नव्हती, आणि हे लक्षात येताच तिच्या जिवात जीव आला.

“पण तुमचं नाव तर समर्थनात आहे,” अध्यक्ष चिडून म्हणाले.

“यांच्या पत्रकात हिरवा ठिपका होता, म्हणून दिलं.” ड्रायव्हरनं सरळ ताईकडे बोट दाखवलं. सगळ्या माना वळल्या. ताई उठून ताठ उभी राहिली. “चूक या ताईंची. बाहेर बाकापाशी त्यांनी ती कबूल केली. अर्धं मिनिटही लागलं नाही त्यांना.”

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“माझं अजून अर्धं मिनिट उरलंय, साहेब. ते तुम्ही घ्या.”