पाळण्यातून दिसणारी खिडकी

"इक्रा, दोरी सोड!" खालून सई ओरडली.

इक्राने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पिशवी खाली सोडली. सईने तिच्यात नारिंगी पेप्सीची नळी टाकली, बोरांची पुडी टाकली आणि दोरीला हिसका दिला. पिशवी वर आली. नळीतला बर्फ इक्राने दातांनी फोडला. दात ठणकले. तेवढं बरं वाटलं, कारण हल्ली तिला फारसं काही जाणवतच नसे. अम्मीची खीर आणि सुक्या बोंबलाची चटणी, दोन्ही एकाच चवीची लागत.

सई महिन्यापूर्वीच नेरूळच्या या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहायला आली होती. बारावीची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता, त्यामुळे पायाला भिंगरी. पहिल्याच दिवशी साखर मागायला आली आणि तासभर बसली. इक्रा उंबऱ्याबाहेर पडत नाही, गॅसवाला आला की आतल्या खोलीत जाते, अंगावर जुने विटके कपडे, डोळ्यांत सुरमा नाही, हे सगळं तिने दोन-चार दिवसांतच टिपलं.

"कळलं मला," ती इक्राच्या कानाशी म्हणाली. "आमच्या वैजूताईलापण असंच बसवलेलं. जुना गाऊन, बाहेर जायचं नाही, आरशात बघायचं नाही. त्या दिवशी एकदम रूप खुलतं म्हणे! अजून किती दिवस काढायचे?"

"महिना, दीड महिना," इक्रा म्हणाली.

"आणि मग?"

"मग मोकळी."

"मोकळी कसली, वेडे? मग तर अडकलीस!" सई खदखदून हसली.

ते हसणं इक्राला आवडलं. बाकी घरात येणाऱ्या खाला आणि फुफू, मावश्या-आत्या सगळ्या, तिला जवळ घ्यायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या आणि ओढणी डोळ्यांना लावायच्या. मुलीचा विषय निघाला की बायकांना रडायला वेगळं निमित्त लागत नाही. इक्रा तेवढा वेळ त्यांच्या खांद्यावरून पंख्याकडे बघत राहायची.

सई रोज यायची. तिच्या प्रश्नांना तोटा नव्हता.

"काय करतो गं तो?"

"जहाजावर."

"फोन येतो?"

"नाही."

"लाजतोय वाटतं! फोटो तरी दाखव."

"अम्मीने उचलून ठेवलाय."

"काकूपण ना!" सई म्हणाली.

एके दिवशी म्हसळ्याहून, त्याच्या घरून, पत्र्याची मोठी पेटी आली. सईने हावरटासारखी ती उघडायला लावली. जरीचे ड्रेस, चादरी, काचेचा डिनर सेट. अर्ध्या कपड्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. सईने एक लाल ओढणी इक्राच्या डोक्यावर टाकली आणि मागे सरून बघितलं. इक्राने ती काढली, नीट घडी घातली आणि परत पेटीत ठेवली.

मेच्या अखेरीस स्टेशनजवळच्या मैदानात आनंदमेळा लागला. इक्राच्या खिडकीतून पाण्याच्या टाकीच्या वर मोठ्या पाळण्याचा अर्धा भाग दिसायचा. माणसं टाकीमागून वर यायची, किंचाळायची आणि पुन्हा टाकीमागे जायची. इक्रा भांडी विसळता विसळता तेच बघत उभी राहू लागली.

"वरून आमची खिडकी दिसते का गं?" तिने सईला विचारलं.

"मी तर डोळे मिटून घेते."

"आज उघडे ठेव."

सई दुसऱ्या दिवशी सांगायला आली. "खाडी दिसते, वाशीचे दिवे दिसतात. खिडक्यापण दिसतात, पण सगळ्या सारख्याच यार. तुझी कुठली ते तूच बसलीस तर ओळखशील."

इक्राला खूप दिवसांनी काहीतरी हवंसं वाटलं. त्या उंचीवरून ही खिडकी, हा ओटा, इथली रिकामी जागा एकदा बघायची होती. हवंसं वाटतंय याचीच तिला भीती वाटली. तरी रात्री जेवताना तिने अम्मीला विचारलं.

"थोडी कळ काढ बेटा," अम्मी म्हणाली. "मग जा कुठं पायजे तिथं. आता गेलीस तर लोक तोंडात शेण घालतील."

"मेळा रविवारी उठणार."

"मेले मेळे काय, परत येतील." अम्मीने तिच्या ताटात आणखी भात वाढला. इक्राने तो मुकाट्याने खाल्ला.

शेवटी सईलाच राहवलं नाही. रविवारी दुपारी ती वर्तमानपत्राची पुडी घेऊन आली आणि थेट स्वयंपाकघरात घुसली. अम्मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. इक्रा शेजारी पीठ चाळत बसली होती.

"काकू, एक मागायचंय. नाही म्हणायचं नाही हं!"

"बोल की."

सईने ओट्यावर पुडी सोडली. हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या.

"मेळ्यात घेतल्या. आमच्यात नवरीला हिरवा चुडा भरतात. तुमच्यात चालतो ना? आणि काकू, प्लीज, आज तिला एकदाच पाळण्यात बसू द्या. बुरखा घालून येईल, कुणाला कळणारपण नाही. मी हात धरून नेते, हात धरून आणते. लग्न झाल्यावर सासरचे कशाला सोडतील?"

अम्मीचा हात भाकरीवरच थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी ती उलथायचं सुचेना. ती सईकडे बघत होती. मग हळूहळू इक्राकडे वळली.

"तू हिला सांगितलं नाय?"

"नाही," इक्रा म्हणाली.

तिने पिठाचे हात ओढणीला पुसले. एक बांगडी उचलली, खिडकीच्या उजेडात धरून बघितली आणि जपून परत कागदावर ठेवली.

"लग्न झालंय माझं, सई, डिसेंबरात," ती म्हणाली. "फेब्रुवारीत तो वारला, म्हणून चार महिने दहा दिवस बसवलंय मला घरात."