ओळीपुढचं नाव

साहेबांनी सगळ्यांसमोर निनादचं कौतुक केलं, तेव्हा हेमांगीच्या पोटात दुखलं. लिखाणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुस्तकांचे संदर्भ शोधून देणारा कोड तिचा, रक्त आटवून लिहिलेला. या नव्या पोरानं कोड काय करतो हे सांगणारी त्यातली स्पष्टीकरणं तेवढी झाडूनपुसून नीट केली. पण एखादी ओळ ज्यानं शेवटची बदलली, त्याचंच नाव त्या ओळीपुढे लागतं. त्यामुळे आता स्पष्टीकरणात जिकडेतिकडे निनादच दिसत होता.

जेवण सोडून ती त्याच्या चुका शोधत बसली. अखेर एक सापडली. शोधलेलं पुस्तक नसेल तर रिकामी यादी येते, असं एका स्पष्टीकरणात लिहिलं होतं. प्रत्यक्षात तेव्हा अख्खी यादी यायची.

"निनाद, जरा इकडे ये," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "हे काय लिहून ठेवलंयस?"

तो आला. वाकून बघत त्यानं ओळीपुढच्या नावावर हळूच बोट ठेवलं. नाव हेमांगीचं होतं.

"चूक मला दिसली होती, ताई," तो फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला. "पण ती ओळ बदलली असती, तर या स्पष्टीकरणांत तुमचं नाव कुठंच उरलं नसतं."