पहिली ओळ

शुक्रवार पेठेतल्या बजाअक्का गेली वीस वर्षं एकाच गाण्याच्या ठेक्यावर कडक भाकऱ्या थापत होत्या. आधी कॅसेटवर, मग मोबाईलवर. एके सकाळी गाणं वाजेना. नात संस्कृतीनं पडद्यावरचं वाचून दाखवलं, "हे गाणं आपल्या भागात उपलब्ध नाही."

"आपल्या भागात? अगं, गाणारा समोरच्या घरात ऱ्हातो की!"

पिठाच्या हातानंच अक्कांनी नातीसह गल्ली ओलांडली. "रहिमतुल्लाभाई, तुमचं गाणं कुटं गेलं? माजी भाकरी वाकडी हुतीया."

रहिमतुल्लाभाईंनी ट्रंकेतून करार काढला. "गाणं कॅसेट कंपनीचं हाय, अक्का. त्यांनी ते कपाटात ठिवलंय. मी लग्नात गायलो, तर मलाच नोटीस आली."

"तुमालाच?"

"सही माजीच हाय की."

अक्कांनी संस्कृतीकडून करार दोनदा वाचून घेतला. "ह्यात शिकवायला मनाई कुटं लिवलीया?"

"कुटंच न्हाय."

"मग मला शिकवा."

तेव्हापासून रोज सकाळी अक्का परातीसमोर बसून पहिली ओळ म्हणतात. "तसं न्हवं अक्का, असं," म्हणत रहिमतुल्लाभाई ती दुरुस्त करायला घेतात, ते थेट शेवटच्या कडव्यापर्यंत जातात. भाकऱ्या पुन्हा गोल होऊ लागल्यात.

शिकवणीला सहा महिने झाले. अक्कांना अजून पहिली ओळ जमलेली नाही. गल्लीतल्या आणखी अकरा बायकांनी नाव घातलंय, आणि त्या तर अक्कांपेक्षाही कच्च्या आहेत.