उंबऱ्यावरची चप्पल

भिवा जीव मुठीत धरून जिना चढला. खाली गिरगावच्या रस्त्यावर गोळीबार चालू होता आणि गल्लीत शिरलेले पोलीस एकेक घर धुंडाळत होते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे रेडिओवर सांगितल्यापासून शहर पेटलं होतं.

पहिल्या मजल्यावर एकच दार उघडं होतं. दाराच्या आत, बाजूला स्टुलावर एका मिशाळ गृहस्थाचा फोटो, त्याला झेंडूचा जाडजूड हार आणि शेजारी तेवती समई. भिवाने ते पाहिलं आणि मागे पोलीस लागलेले असतानाही तो उंबऱ्याशी थांबला, पायातली चप्पल काढली आणि मगच आत गेला. चप्पल एकच होती. दुसरी पळताना गटारात गेली होती.

आत देव नव्हता, चित्रं होती. चारी भिंतींवर मोठमोठ्या तसबिरी आणि मध्ये खुर्चीवर एक वयस्क बाई बसलेल्या.

"प्रदर्शन आहे," राधाबाई सवयीने म्हणाल्या. "आमच्या आजेसासऱ्यांचं. शंभर वर्षांपूर्वीची चित्रं आहेत." मग त्यांचं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं.

"आई, दार लावा. पाठी पोलीस हायत."

"लावलं तर फोडतील. शेजारच्यांचं आत्ताच फोडलं."

भिवाने लपायला जागा शोधली. कपाट नाही, पडदा नाही, दुसरी खोलीही नाही. भिंतींवर नुसते डोंगर, खाड्या आणि माडांची बनं. जन्मभर चित्रं काढली, पण त्या माणसाने त्यांत माणूस औषधालाही ठेवला नव्हता. एवढ्या मोकळ्या मुलखात भिवा एकटाच उभा होता.

परवा त्याच्या करी रोडच्या चाळीतून शेजारच्या आनंदाला पोलिसांनी असाच उचलला होता. ठाण्यावरून परत आणला तेव्हा तो बायकोला ओळखेना. आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो.

जिन्यात बूट वाजले.

तेव्हा भिवाला चप्पल आठवली. दाराशी जोडी असती तर कुणी पाहिलंही नसतं. पण उंबऱ्यावर एकटी पडलेली चप्पल? आत पळून आलेला माणूस आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. जाऊन ती उचलावी म्हटलं तर पाय हलेनात.

तो कुठे पाहतोय ते राधाबाईंनी पाहिलं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दाराशी गेल्या आणि चिखलाने बरबटलेली ती टायरच्या तळाची चप्पल त्यांनी उचलली. टाकणार कुठे? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग ती फोटोसमोर स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर हार ओढला.

"क्षमा करा," त्या फोटोला म्हणाल्या. मग खुर्चीवरचं फडकं त्यांनी भिवाकडे फेकलं. "पुसायला लाग."

हवालदार धापा टाकत आत आला. "कोण आलं वर?"

"कोणी नाही आलं."

"मग हा कोण?"

"आमचा माणूस आहे. तसबिरी पुसतोय."

भिवा पुसत होता खरा, पण हात असा कापत होता की तसबिरीची चौकट भिंतीवर खडखड वाजत होती. हवालदाराने तो आवाज ऐकला. मग त्याची नजर खाली गेली. भिवाचा एक पाय स्वच्छ होता आणि दुसरा घोट्यापर्यंत काळा, अंगठ्यातून रक्त येणारा. भिवाने काळा पाय मागे घेतला, पण उशीर झाला होता.

हवालदार दाराकडे वळला तर समोर फोटो. हार घातलेल्या फोटोसमोरून तसंच निघून जाणं त्याला जमलं नसावं. त्याने टोपी काढून काखेत धरली, हात जोडले आणि स्टुलाला डोकं टेकवायला तो वाकला.

हाराखालून चपलेचं टोक बाहेर आलेलं भिवाला तिथून दिसत होतं.

हवालदाराचं कपाळ त्या टोकाजवळ येऊन अडलं. तो वाकलेलाच राहिला. राधाबाईंनी पदर तोंडाशी धरला. आता संपलं, भिवाला वाटलं. घरी बायकोला, शेवंतीला कोण जाऊन सांगणार, एवढाच विचार त्याच्या मनात आला.

"कोण हे?" हवालदाराने मान वर न करता विचारलं.

"माझे आजेसासरे. ही चित्रं त्यांचीच."

हवालदार सावकाश उठला. दोन्ही हातांनी त्याने हार धरला, खाली ओढला आणि चपलेवर नीट बसवला. बोटांना लागलेला चिखल त्याने आपल्याच चड्डीला पुसला.

"हार सरकला होता, आई," तो म्हणाला.

खालून साहेबाची हाक आली. "हवालदार, कौन है ऊपर?"

हवालदाराने टोपी चढवली. उंबऱ्यावर चपलेचा ओला ठसा राहिला होता. तो त्याने बुटाने पुसून काढला आणि जिन्यात तोंड घालून ओरडला, "कोई नहीं, साब."

ओरडला मोठ्याने, पण त्याचा आवाज भिंतीवरच्या त्या तसबिरीसारखाच थरथरत होता.