झाडांमागचा खोकला

झाडांमागून पुन्हा खोकला ऐकू आला, तसं ग्वानने आपल्या पिंजऱ्यावर घाईने कापड ओढलं.

"संपलं! माझा चंडोल हे शिकला, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात."

बीजिंगच्या त्या मोठ्या बागेत सकाळी म्हातारे आपापले पिंजरे फांद्यांना अडकवत. चंडोल ऐकेल तो आवाज उचलतो. चिमणी, कोंबडी, मांजर असे तेरा ठरलेले आवाज क्रमाने काढणारा पक्षी मानाचा. भलताच आवाज शिरला की तो बाटला. मग त्याला या झाडांखाली जागा नाही. फूच्या चंडोलाने स्कूटरचा भोंगा उचलला, तेव्हा फूने तो दूर गावी मेव्हण्याला देऊन टाकला. आता फू नुसता गप्पांना यायचा.

"हळू बोल," फू म्हणाला. "वहिनींना ऐकू जाईल."

"जाऊ दे. तुंगदादा, एवढी मोठी बाग पडलीय. त्यांना तळ्याकाठी बसव की."

तुंगने थर्मासचं झाकण लावलं. "तिकडे वारा असतो. तिची जागा पहिल्यापासून हीच."

ते खरं होतं. आजारी बायकोला तो चाकांच्या खुर्चीतून आणायचा आणि झाडांपलीकडच्या बाकाशी बसवायचा. ती अबोल होती, म्हणून कोणी तिकडे जात नसे. हिवाळाभर दोघं आली नव्हती. थंडी सरल्यावर तुंग पुन्हा येऊ लागला. तो सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळे गेल्यावर निघायचा.

"आणि तुझा चंडोल? तो का नाही आणत इकडे?" ग्वानने विचारलं.

"तिकडेच बरा. हिवाळाभर तिच्या उशाशीच होता."

"मग तो बाटलाच म्हणायचा."

"चालेल मला."

फू हसला. "काय जीव आहे बायकोवर! माझी खोकायला लागली की मी रेडिओ मोठा करतो."

तुंग हसला नाही.

पलीकडून पुन्हा उबळ आली. ग्वानचा तोल गेला. "स्पष्टच सांगतो, दादा. उद्यापासून एक तर हा खोकला थांबव, नाहीतर तू येऊ नकोस."

"दुसरीकडे कुठे जाऊ, ग्वान? घरात नुसत्या भिंती आहेत." तुंग उठला आणि झाडांमागे गेला.

"शोभलं का तुला हे?" फू म्हणाला. "आजारी बाई ती."

दुसऱ्या दिवशी ग्वान एक बरणी घेऊन आला. नासपतीचा पाक होता, त्याच्या बायकोने आटवलेला. घशाला त्यासारखं औषध नाही. पिंजरा फूच्या हाती देऊन तो सरळ झाडांमागे गेला.

"वहिनी, कालचं मनावर घेऊ नका हं. माझं तोंडच असलं..."

बाकावर तुंग एकटाच होता. चाकांची खुर्ची नव्हती. चहाचे दोन पेले भरलेले होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पिंजरा होता, बायकांच्या लोकरी शालीने झाकलेला.

"वहिनी कुठेत?"

तुंगने बरणीकडे पाहिलं. मग शालीचं सरकलेलं टोक नीट केलं.

शालीखालून खोकल्याची उबळ आली, आणि पाठोपाठ दमलेल्या बाईचा सुस्कारा.