कारणाचा रकाना

कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, सोडताना कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'आई गावी एकटी असते.' परतल्यावर सत्यनारायणाला जमलेल्या सगळ्यांनाही तेच फुशारकीनं ऐकवलं. मग नोकरी मिळाली पुण्यात. आई गावीच राहिली.

सहा वर्षांनी, गणपतीला गावी आलो असताना, बायको-मुलीसह कॅनडाला जाण्यासाठी पुन्हा पीआरचा अर्ज भरायला बसलो. प्रश्न आला, 'तेव्हापासून काय बदललं?' माझी बोटं थांबली.

समोर आई भिजवलेले वाल सोलत होती. "काय रे, कुठं अडलं?"

मी प्रश्न वाचून दाखवला.

तिनं मान वर केली नाही. "लिही, आईला एकटीनं राहायची सवय झालीय."

"काहीतरीच काय बोलतेस!" मी म्हणालो.

ती सालं टाकायला परसात गेली, आणि मी तेच लिहिलं.