परका आवाज

प्रवेशपरीक्षेच्या पडद्यावर गुणोत्तराचं गणित आलं, तशी कालिंदीच्या मनात तिची गेलेली आई गाऊ लागली, ‘तीन गजरे, दोघी जावा, तिसरा अर्धा-अर्धा लावा.’ कपाळावरच्या पट्टीनं मनातलं उत्तर टिपलं. उत्तर बरोबर होतं, पण पडदा लाल झाला: ‘मनात परका आवाज आढळला. कायमचा पुसावा, अन्यथा पेपर रद्द.’

पर्यवेक्षक बाई लगबगीनं आल्या. “दाब गं ‘होय’. याला कॉपी धरतात. एम.एस्सी.चा प्रवेश हातचा घालवशील.”

“आई आहे हो ती. गजरे ओवता ओवता तिनंच गणित शिकवलं.”

“प्रत्येकीचं कुणी ना कुणी असतंच, बाळ. मीही पुसलाच की एक आवाज.”

“कुणाचा?”

बाईंनी सांगायला तोंड उघडलं. डोळे भरून आले, पण नाव काही ओठांवर येईना.

“तेवढं मात्र... नाही गं आठवत.”

‘होय’कडे नेलेलं बोट कालिंदीनं मागे घेतलं. “थांबा बाई. शेवटचं एकदा ऐकून घेते.”

तिनं डोळे मिटले. बाई हळूच तिच्या बाकावर टेकल्या आणि त्यांनीही कान दिला, जणू त्यांनाही ऐकू येणार होतं.